गव्हाण रिकामी राहू नये

साखर कारखान्यात कामाला लागलेल्या माणसाच्या अंगी पहिल्याच हंगामात एक गोष्ट भिनते: गव्हाण रिकामी राहता कामा नये. गाळप एकदा सुरू झालं की रात्रंदिवस चालतं. ऊस कमी पडून मिल थांबली तर वाफ, वीज, मजुरी सगळं फुकट जातं. म्हणून यार्डात भरलेल्या गाड्या कायम उभ्या हव्यात. गाडीवाला रात्रभर ताटकळला तर त्याची कुठल्याही रजिस्टरात नोंद होत नाही, पण मिल दहा मिनिटं थांबली की थेट चेअरमनपर्यंत फोन जातात. दक्षिण गुजरातमधल्या एका कारखान्यात ऊसतोडणीचा कार्यक्रम आखण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. लागणीच्या तारखा, टोळ्या, ट्रकच्या फेऱ्या, यार्डातली रांग या सगळ्याचं गणित मला येत होतं, आणि येतं याचा गर्वही होता. तेच गणित पुढे मी एका रुग्णालयात नेलं.

हे रुग्णालय चलथाणच्या परिसरातलं, एका ट्रस्टचं. नाव सांगत नाही, कारण निर्णय त्यांचे असले तरी आकडे माझे होते. चलथाण हे सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा तालुक्यातलं गाव. एका अंगाने मुंबई-अहमदाबाद महामार्ग, दुसऱ्या अंगाने उधना-जळगाव रेल्वे, गावाच्या नावाचा सहकारी साखर कारखाना, आणि शेजारीच कडोदरा, जिथे डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांची धुराडी रस्त्यावरून मोजता येतात. इथे मराठी बोलणारे दोन तऱ्हांचे लोक भेटतात. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचाकडून पिढीपूर्वी येऊन चाळींत स्थायिक झालेले मिल कामगार ही एक तऱ्हा. त्यांच्यापैकीच एका घरात मी वाढलो. दुसरे ते, जे दिवाळीच्या सुमारास नंदुरबार, धुळे, डांगकडून मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून येतात, शेताच्या कडेला किंवा रस्त्यालगत पडाव टाकतात आणि हंगाम संपला की निघून जातात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७० च्या दशकात बारडोली भागातल्या या तोडणी मजुरांवर लिहिलं. ते लेखन मी नोकरीत असतानाच वाचलं होतं. वाचून त्याचा उपयोग काही केला नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

ट्रस्टींची तक्रार साधी होती. ओपीडीत सकाळी जत्रा असते, आणि तरी डॉक्टर मधेच रिकामे बसलेले दिसतात. मी केसपेपरच्या खिडकीवरच्या संगणकातून नोंदी काढल्या. मेडिसिनच्या ओपीडीत एका रुग्णाला सरासरी ६ मिनिटं लागत होती. मग सहा-सहा मिनिटांच्या वेळा पाडल्या, फोनवर नंबर देणं सुरू करवलं, आणि डॉक्टरांचा ९५ टक्के वेळ भरलेला राहील असा तक्ता तयार केला. ते यार्डच होतं, फक्त ट्रकच्या जागी माणसं उभी होती.

सहा मिनिटं हा आकडा खोटा नव्हता, पण सहा मिनिटांचा रुग्ण मला नंतर शोधूनही फारसा सापडला नाही. शुगरचा रिपोर्ट दाखवायला आलेल्याचं काम दोन मिनिटांत होई. महिनाभर खोकला असलेला नवा माणूस, सोबत घाबरलेली बायको आणि तीन गावच्या तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, असा आला की वीस मिनिटं सहज. असे दोन लागोपाठ आले की सकाळ गेली. रांगेचं शास्त्र इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकवतात, आणि त्या विषयात मला चांगले मार्क होते. लोक आपापल्या वेळेने येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त असतो, अशी एकाच खिडकीची रांग धरली तर खिडकी ८० टक्के वेळ कामात असताना सरासरी थांबणं कामाच्या वेळेच्या चौपट होतं. ९० टक्क्यांना ते नऊपट होतं आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. सहा मिनिटांच्या हिशेबाने २४, ५४ आणि ११४ मिनिटं. म्हणजे डॉक्टरांच्या वेळेतले शेवटचे पाच टक्के पिळून काढायला प्रत्येक रुग्णाचा आणखी एक तास घ्यायचा. कारखान्यात हा सौदा परवडतो, कारण ट्रकमधल्या उसाला ताप नसतो. (उसाचाही उतारा थांबून थांबून घटतोच, पण तो तोटा वेगळ्या खात्यावर पडतो.)

वेळ ठरवून दिली की हा गुणाकार सौम्य होतो हे खरं. पण त्यासाठी लोकांनी ठरल्या वेळी यायला हवं. व्यारा-नवापूरकडून पॅसेंजरने येणारा माणूस गाडी येते तेव्हा येतो. भल्या सकाळी स्टेशनवर उतरलेल्या म्हाताऱ्याला माझ्या तक्त्याने ११.१८ ची वेळ दिली होती. ११.१८! मिनिटापर्यंतची ही अचूकता पाहून मला तेव्हा समाधान वाटलं होतं. तो बिचारा सकाळपासून आवारात बसून दर थोड्या वेळाने विचारायचा, "भाऊ, आमना नंबर कव्हय येई?" आणि खिडकीवरची मुलगी त्याला घड्याळ दाखवायची.

तरीही पहिल्या तिमाहीचा अहवाल उत्तम आला. केसपेपर काढल्यापासून डॉक्टरांसमोर बसेपर्यंतचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला होता. ट्रस्टींच्या बैठकीत मी हिरव्या रंगाचे आलेख दाखवले, सगळ्यांनी वाखाणले. मेट्रन तेवढी गप्प होती. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "भाई, एकवार सवारे वहेला आवजो." मी सकाळी लवकर गेलो.

फाटकाबाहेर, चहाच्या टपरीला लागून, ऐंशी-नव्वद माणसं बसली होती. झालं होतं असं की, नव्या पद्धतीत ज्याची वेळ जवळ आली त्यालाच खिडकीवर केसपेपर मिळे. आधी येऊन बसलेल्यांना पुढे पुढे वॉचमन आत सोडत नसे, कारण आतली गर्दी कमी दिसली पाहिजे असा निरोप होता. तो निरोपही माझ्याच सूचनेतून निघालेला. गर्दी होती तेवढीच राहिली. ती फक्त संगणकाला दिसणार नाही अशा जागी सरकली. भांडणं होऊ नयेत म्हणून टपरीवाला एका वहीत नावं लिहून घ्यायचा, आलेल्याची अंदाजे वेळ आणि कोणत्या गावचा ते. कंटाळून निघून जाणाऱ्याच्या नावावर काट मारायचा. माझ्या सगळ्या नोंदी खिडकीपासून सुरू होत होत्या आणि त्याच्या वहीतल्या फाटकापासून. काट मारलेली नावं तर माझ्याकडे असणं शक्यच नव्हतं. मी ज्याला 'मागणी' म्हणत होतो ती फक्त टिकून राहिलेल्यांची संख्या होती.

रांग कुठून सुरू होते ते आधी पाहावं, ही काही फार मोठी विद्या नाही. मुंबईत २०२० मध्ये कोविडच्या खाटांसाठी लोक रुग्णालयामागून रुग्णालयाला फोन करत होते, तेव्हा महापालिकेने खाटा देण्याचं काम २४ वॉर्डांच्या वॉर रूमकडे सोपवलं. चाचणीचे अहवाल वॉर्डाकडे यायचे आणि तिथून रुग्णाला फोन जायचा. त्यात अवघड गणित जवळपास काहीच नव्हतं. रांग रुग्णालयाच्या दारातून उचलून घराच्या दारात मोजायला घेतली, एवढंच. त्या वर्षी मी घरी बसून साथीचे आलेख काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकत होतो आणि हे वाचतही होतो. तरी चलथाणच्या फाटकापर्यंत मला कोणीतरी हाताला धरून न्यावं लागलं.

दुसरी चूक भित्रेपणाची होती. माझ्या तक्त्यात ओपीडी ९ ला सुरू होत होती, आणि पहिल्या आठवड्यातच मला कळलं होतं की ती ९ ला सुरू होत नाही. बरेचसे डॉक्टर सुरतेहून येत. कडोदरा चार रस्त्यावर कंटेनरांची रांग लागली की पावणेदहा वाजायचे. रुग्णांच्या उशिराची मी टक्केवारी काढली, वयोगटानुसार आणि गावानुसार, रंगीत नकाशासह. डॉक्टरांच्या उशिराचा रकानाच ठेवला नाही. कोण वाईटपणा घेणार? वेल्च आणि बेली या दोघा इंग्रजांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ओपीडीच्या वेळापत्रकावर लेख लिहिला. या विषयात सगळे जण आजही तिथूनच सुरुवात करतात. सुरुवातीला दोन रुग्ण बोलवा, नंतर सरासरी वेळेच्या अंतराने एकेक, हा त्यांचा सल्ला प्रसिद्ध आहे, आणि मी तो अहवालात ठळक अक्षरात दिला होता. त्याच लेखात डॉक्टरांनी वेळेवर येण्यावरही भर आहे. तो भाग मी गाळला. सगळ्या चुकांपैकी ही एकच जाणूनबुजून केलेली, म्हणून तिची लाज जास्त आहे.

आता नंबर लावून न येणाऱ्यांची गोष्ट. फोनवर नंबर घेऊन पाचातला एक येत नसे. मी त्यावर एक मॉडेल बसवलं. जुन्या नोंदींवरून कोण येणार नाही याचा अंदाज ते करी, आणि ज्याच्याबद्दल शंका असेल त्याच्याच वेळेवर दुसऱ्या एकालाही बोलावलं जाई. एक न आल्याने जाणारी सहा मिनिटं वाचावीत म्हणून. पुन्हा गव्हाण! मॉडेलचे अंदाज चांगले निघत. पण न येणाऱ्यांत कोण होते ते मी पाहिलं नव्हतं. मोबाईल बदललेले, पत्त्याच्या जागी नुसतं 'पडाव' लिहिलेले, आधीच्या तारखेला आले नाहीत कारण त्या दिवशी फड दुसऱ्या गावाला हलला होता, असे तोडणी मजूर. संगणकाने त्यांना बेभरवशाचे ठरवलं, त्यांच्या वेळेवर दुसऱ्याला बसवलं, आणि ते आले त्या दिवशी नेमके तेच सगळ्यात जास्त थांबले. रोज बुडवून आलेला माणूस दुपारपर्यंत थांबला की पुढच्या तारखेला येत नाही. तो आला नाही की मॉडेलचा अंदाज आणखी पक्का होतो. अमेरिकेत मिकेले समोरानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच दाखवून दिलं आहे. तिथे हा भार कृष्णवर्णीय रुग्णांवर पडत होता. मी जातीचा रकाना मॉडेलला दिला नव्हता, म्हणून माझं काम निष्पक्ष आहे असं मी बैठकीत ठामपणे सांगितलं होतं. गावाचं नाव आणि महिना एवढं पुरेसं होतं.

खाटांबद्दल लिहायला जड जातं.

प्रसूती विभागात दहा खाटा होत्या आणि वर्षभराच्या सरासरीने त्यातल्या चार भरलेल्या असत. शेजारच्या जनरल वॉर्डात पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाचे रुग्ण स्ट्रेचरवर. कोणत्याही हिशेबनिसाने जे सुचवलं असतं तेच मी सुचवलं. प्रसूतीच्या चार खाटा जनरलला द्या. सहापैकी चार भरलेल्या म्हणजे ६७ टक्के, भरपूर मोकळीक. मला एक जगन्मान्य आकडा पाठ होता. १९९९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बॅगस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की सरासरी ८५ टक्क्यांहून जास्त खाटा भरलेल्या असल्या की धोका जाणवू लागतो आणि ९० च्या पुढे टंचाई वारंवार येते. मी ६७ वर होतो, म्हणजे निर्धास्त.

तो ८५ मोठ्या रुग्णालयाचा आकडा आहे. शंभर-दोनशे खाटांमध्ये एका बाजूची गर्दी दुसऱ्या बाजूच्या मोकळेपणात जिरते, पण सहा खाटांत जिरायला जागा नसते. हे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या माणसाने १९१७ मध्येच मांडलं आहे: इतक्या लाइन असताना इतके कॉल आले, तर किती कॉलना 'लाइन व्यस्त' ऐकावं लागेल? कॉलच्या जागी बाळंतिणी आणि लाइनच्या जागी खाटा धरा. सरासरी चार भरलेल्या आणि एकूण दहा असतील तर सुमारे दोनशेतल्या एकीला खाट मिळत नाही. सहाच असतील तर साधारण साडेआठातल्या एकीला. हा हिशेब कागद-पेन्सिलने पाच मिनिटांत होतो. मी तो नंतर केला. आणि चार ही सरासरीही सबंध वर्षाची. पडाव भरलेले असतात त्या महिन्यांत बाळंतिणी जास्त असतात, कारण तोडणीला आलेल्या बाया दिवस भरत आले तरी मोळ्या बांधत असतात.

हिवाळ्यातल्या एका रात्री सहाही खाटा भरलेल्या असताना एका पडावातून एक बाई आली. तिला १०८ ने सुरतेला पाठवलं. मी हे दुसऱ्या महिन्यात, आकडे तपासताना पाहिलं, आणि तेही उलट्या बाजूने. प्रसूती विभागातला सरासरी मुक्काम कमी झाला होता, तो का, हे शोधत होतो. कारण असं की दुसरीकडे पाठवलेला रुग्ण आमच्या संगणकात 'डिस्चार्ज' म्हणून पडत होता, मुक्काम शून्य दिवस. अशा नोंदी जितक्या वाढतील तितका माझा आलेख खाली येणार, म्हणजे सुधारणार. ती एकटी नव्हती, तिच्यासारख्या आणखी नोंदी निघाल्या. मी मेट्रनला त्या बाईचं विचारलं. तिला एवढंच माहीत होतं की अॅम्ब्युलन्स निघाली तेव्हा ती शुद्धीवर होती, आणि टोळी त्याच आठवड्यात मढीच्या बाजूला हलली. मुकादमाचा नंबर लागला नाही.

चार खाटा परत प्रसूतीकडे गेल्या. त्यासाठी मला बैठकीत जुन्या अहवालातलं पान काढून ते चुकीचं आहे असं सांगावं लागलं. ट्रस्टींपैकी एक जण म्हणाले, "तो पछी बीजां पानां पण खोटां हशे ने?" प्रश्न रास्त होता. बाकीची पानंही मी मागे घेतली.

नंतर जे केलं ते बरंचसं मेट्रनचं आणि टपरीवाल्याचं. सहा-सहा मिनिटांच्या वेळा काढून टाकल्या. आता अर्ध्या-अर्ध्या तासाचे गट आहेत. प्रत्येक गटात चार जण, आणि मधला एक अर्धा तास मुद्दाम रिकामा, लांबलेलं काम तिथे भरून निघावं म्हणून. डॉक्टरांचा वेळ त्यामुळे ८० टक्क्यांच्या आसपास भरतो. रिपोर्ट दाखवायला येणाऱ्यांची खिडकी वेगळी केली, तिथे एक ज्युनिअर डॉक्टर बसतो, आणि गर्दीतला मोठा भाग तिथेच निकाली निघतो. फाटक उघडल्याबरोबर टोकन, त्यावर आल्याची वेळ. संगणकातलं थांबणं आता तिथून मोजतात, आणि तो आकडा पहिल्या अहवालातल्यापेक्षा कितीतरी वाईट दिसतो. टोकन घेऊन जो डॉक्टरांपर्यंत पोचत नाही त्याचा वेगळा रकाना आहे. डॉक्टरांच्या येण्याच्या वेळेचाही आहे. तो मेट्रन स्वतः भरते, मला अजून धीर होत नाही. दुसरीकडे पाठवलेल्यांना 'डिस्चार्ज'मधून बाहेर काढलं. न येणाऱ्यांचं मॉडेल बंद केलं. त्याऐवजी एक मुलगी आदल्या दिवशी फोन करते, आणि गुजराती, मराठी, अहिराणी तिन्ही बोलते. न येणारे कमी झाले आहेत. किती, ते एक हंगाम आणखी पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

सगळ्यात उपयोगाची ठरली ती संध्याकाळची ओपीडी. तिचा गणिताशी काहीच संबंध नाही. तोडणी पहाटे सुरू होते, दुपारी ट्रक भरतो, त्यानंतर माणूस मोकळा होतो. आमची ओपीडी दुपारी १ ला बंद व्हायची. मेट्रन हे कित्येक वर्षं सांगत होती म्हणे. मी नोंदी तपासत बसलो होतो आणि नोंदींत संध्याकाळी कोणी आलेलं नव्हतं, कारण संध्याकाळी दार बंद होतं. मागच्या हंगामात आठवड्यातून तीन दिवस ५ ते ८ दार उघडं ठेवलं. ऊस भरून झाल्यावर त्याच ट्रकच्या केबिनमध्ये बसून बायका-मुलं यायची.

हंगाम संपला, पडाव उठले, संध्याकाळी कोणी येईनासं झालं. पुढच्या दिवाळीपासून संध्याकाळची ओपीडी पुन्हा सुरू करायची की नाही, यावर गेल्या महिन्यात बैठक झाली. डॉक्टरांचं मानधन वर्षभराच्या कराराने द्यावं लागतं, असं हिशेबनीस म्हणाले, आणि वर्षाची सरासरी काढली तर संध्याकाळी डॉक्टर निम्म्याहून जास्त वेळ रिकामे बसलेले दिसतात. पुराव्यादाखल त्यांनी एक छापील तक्ता पुढे केला. रकाने, रंग, खालची टीप, सगळं ओळखीचं होतं. माझ्या पहिल्या अहवालातला नमुना होता तो, त्यांनी फक्त नवे आकडे भरले होते. निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. मी महिन्यावार तक्ता करून देतो म्हणालो आहे, आणि मेट्रन ट्रस्टींना ऑक्टोबरमध्ये एकदा पडावावर घेऊन जाणार आहे.